श्वास गिळणारे तळे

गुरुवार, २१ ऑगस्ट १९८६. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅमेरून देशाच्या डोंगराळ भागात रात्रीचे नऊ वाजत आले होते. पावसाळ्याचे दिवस. माणसे जेवणखाण उरकून आपापल्या झोपड्यांत शिरली होती. चुलीतले निखारे विझत चालले होते, तेलाचे दिवे मिणमिणत होते आणि बाहेर गवतात गुरे रवंथ करीत बसली होती.

न्योस नावाच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, कड्यावर, एका शेतकऱ्याचे मातीचे घर होते. त्याला खालून दरड कोसळावी तसा गडगडाट ऐकू आला. पाहतो तो तळ्यातून पांढरे धुके वर चढते आहे. ‘पाऊस येणारसे दिसते,’ एवढेच त्याने पोराबाळांना सांगितले आणि अंगात कसकस वाटत होती म्हणून तो पडून राहिला.

सकाळी उजाडताच तो उतार उतरू लागला. पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आले ते तळ्याचे पाणी. एरवी निळेशार असणारे पाणी गंजल्यासारखे तांबडे झाले होते. तळ्याच्या काठावरून खाली कोसळणारा नेहमीचा धबधबा कोरडा पडला होता. आणि मग जाणवली ती शांतता. पाखरू बोलत नव्हते, किडा किरकिरत नव्हता. पुढे गेल्यावर एक बाई आक्रोश करताना दिसली. तिच्याभोवती तिची मुलेबाळे, तिचे सारे गणगोत आणि त्यांची शेकडो गुरे पडली होती. बाई एकेकाला हलवून उठवीत होती. उठत कोणीच नव्हते.

खाली न्योस गावात तो पोचला तेव्हा तिथेही तोच प्रकार. कोणी अंथरुणात, कोणी उंबऱ्यावर, कोणी चुलीपाशी. अंगावर घाव नाही, रक्ताचा थेंब नाही. घरे जशीच्या तशी उभी, परसातली केळ हिरवीगार. प्रेतांवर माशीसुद्धा बसलेली नव्हती, कारण माशाही मरून पडल्या होत्या.

न्योस, काम, चा, सुबुम ही गावे त्या रात्रीत उजाड झाली. पुढे मोजदाद झाली तेव्हा मृतांचा आकडा १,७४६ भरला. गुरे मेली सुमारे ३,५००. तळ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत माणसे मेली होती. आणि त्या गावांतल्या एकाही घरात तळ्याच्या पाण्याचा थेंब शिरला नव्हता!

हे घडले तरी काय? एखादे तळे माणसे मारते, पण बुडवून मारते. न बुडवता, न भिजवता, कोसांवर झोपलेल्या माणसाचा जीव घेणारे हे कसले तळे?

गवताचा मुलूख

त्यासाठी आधी हा मुलूख पाहायला हवा. कॅमेरून म्हटले की आपल्यासमोर आफ्रिकेचे घनदाट जंगल उभे राहते. पण देशाच्या वायव्येला, समुद्रसपाटीपासून हजार-दोन हजार मीटर उंचीवर, झाडी विरळ होत जाते आणि डोंगरामागून डोंगर नुसत्या गवताने झाकलेले दिसू लागतात. १८८४ साली जर्मनांनी हा देश आपल्या साम्राज्याला जोडला. किनाऱ्याच्या जंगलातून वर चढून आलेल्या जर्मनांनी या पठाराला ‘ग्रासलँड’ म्हटले. पहिल्या महायुद्धानंतर इकडे इंग्रजांचा अंमल आला आणि ‘ग्रासफील्ड्स’ हे नाव कायम झाले.

हे गवत उगवते ते ज्वालामुखीच्या राखेवर. अटलांटिक महासागरातल्या बेटांपासून निघून, चार हजार मीटरहून उंच अशा माउंट कॅमेरूनवरून, थेट देशाच्या आत शिरणारी ज्वालामुखींची एक रांग आहे. त्या रांगेवर ठिकठिकाणी जुन्या स्फोटांचे खड्डे आहेत आणि त्यांत पावसाचे पाणी साचून तळी झाली आहेत. न्योस हे त्यांतलेच एक. लांबी दोन किलोमीटर, रुंदी त्याहून कमी. पण खोली २०० मीटरहून जास्त. एकावर एक साठ-सत्तर मजले रचले तर ते बुडतील एवढी! कडेला उंच कडे, भोवती हिरवे डोंगर. ज्यांनी ते पाहिले आहे ते सगळे सांगतात, इतके देखणे तळे दुसरे नाही.

ज्वालामुखीची माती म्हणजे सोने. मका, रताळी, केळी, कंदमुळे असे काहीही लावा. आणि गवत असे की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेकडून फुलानी जमातीचे गुराखी आपले कळप हाकीत इकडे आले ते इथेच राहिले. या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे मूळचे लोक बहुधा उंचवट्यावर घरे बांधीत. नंतर आलेल्यांनी ओढ्याकाठची सखल, काळी जमीन पाहिली आणि खोऱ्यातच वस्ती केली. कोणीही शहाणा शेतकरी हेच करील. त्या रात्री मात्र हा उंच-सखल एवढाच फरक जगण्या-मरण्याचा ठरला. कड्यावरचा शेतकरी वाचला, खोऱ्यातले गेले.

धागा सापडला तो दुसऱ्याच तळ्यात

बातमी बाहेर पडायला वेळ लागला. रस्ते कच्चे, त्यात पावसाळा. सैन्याचे लोक पोचले तेव्हा प्रेते सामुदायिक खड्ड्यांत पुरण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. मग नाना वावड्या उठल्या. कोणी म्हणाले, परक्या देशाने गुप्त बाँबची चाचणी केली. कोणी म्हणाले, ज्वालामुखी जागा झाला. बऱ्याच जणांना भोपाळ आठवले असेल. डिसेंबर १९८४ मधल्या त्या काळरात्रीला तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. पण भोपाळला कारखाना होता. इथे गवत आणि तळे यांखेरीज काही नव्हते.

या कोड्याचे उत्तर खरे म्हणजे आधीच एका माणसाजवळ तयार होते. न्योसच्या दक्षिणेला मोनून नावाचे दुसरे एक लहान तळे आहे. १५ ऑगस्ट १९८४ च्या रात्री तिथे मोठा आवाज झाला आणि पहाटेपर्यंत तळ्याजवळच्या सखल रस्त्यावर ३७ माणसे मेली. त्या रस्त्याने एक ट्रक चालला होता. पांढऱ्या धुक्यात शिरताच त्याचे इंजिन बंद पडले. काय झाले ते पाहायला लोक खाली उतरले आणि जागच्या जागी कोसळले. ट्रकच्या टपावर बसलेले दोघे मात्र वाचले!

हा घातपात असावा, असा प्रथम संशय होता. तपासासाठी १९८५ च्या आरंभी हरल्डर सिगुर्डसन नावाचे आइसलंडचे ज्वालामुखीतज्ज्ञ तिथे गेले. ज्वालामुखीची खूण त्यांना कुठे सापडेना. मग त्यांनी तळ्याच्या तळाशी बाटल्या सोडून पाणी वर काढले. वर येता येता ते पाणी बुडबुड्यांनी फसफसू लागले. सिगुर्डसननी निष्कर्ष काढला : या तळ्याच्या तळाशी कार्बन डायॉक्साइड वायूचा प्रचंड साठा आहे, तोच एकाएकी बाहेर पडून माणसे मेली. अशी घटना पूर्वी शास्त्राच्या नोंदीत नव्हती. त्यांनी निबंध लिहून अमेरिकेतल्या एका नामांकित शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला. कल्पना फारच ओढूनताणून आणलेली वाटली म्हणे. हा निबंध दुसरीकडे छापून आला तो १९८७ साली. आणि मधल्या काळात न्योस घडून गेले होते.

गोटीसोड्याची बाटली

तळ्याच्या तळाशी वायू साठतो कसा, हे समजायला प्रयोगशाळा नको. लहानपणी जत्रेत प्यायलेला गोटीसोडा आठवावा. बाटलीत तोच कार्बन डायॉक्साइड, आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांतला कर्बाम्ल वायू, दाबाखाली पाण्यात विरघळवलेला असतो. गोटी घट्ट बसलेली आहे तोवर पाणी कसे शांत दिसते! अंगठ्याने गोटी आत ढकलली, दाब गेला, की फस्सकन सगळे वर येते.

न्योसखालच्या जमिनीत खोल कुठेतरी तप्त शिलारस आहे. त्यातून सुटणारा कर्बाम्ल वायू झिरपत झिरपत वर येतो आणि तळ्याच्या तळच्या पाण्यात विरघळतो. २०० मीटर खोलीवर वरच्या पाण्याचा दाब सुमारे वीसपट असतो. या दाबाखाली एक घागर पाण्यात कित्येक घागरी वायू मुकाट्याने मावतो. इथे गोटीचे काम खुद्द वरचे पाणीच करते.

थंड देशांत दर हिवाळ्यात तळ्याचे वरचे पाणी गार होऊन खाली जाते, खालचे वर येते, आणि साठलेला वायू हळूहळू निघून जातो. विषुववृत्ताजवळच्या या तळ्यात तसे होत नाही. तळचे पाणी क्षारांनी आणि विरघळलेल्या वायूने जड झालेले असते, ते तळाशीच बसून राहते. वर्षामागून वर्षे साठा वाढत जातो. वर मात्र निळे, नितळ, गोड पाणी! गुरे ते पीत होती.

मग एखाद्या रात्री थोडेसे निमित्त पुरते. कडा ढासळतो, वारा पाणी एका बाजूला लोटतो, किंवा पावसाचे गार पाणी एकीकडे बुडी मारते. २१ ऑगस्टला यांपैकी नेमके काय झाले याचा निकाल आजही लागलेला नाही. पण तळचे थोडे पाणी वर ढकलले गेले, त्यावरचा दाब घटला, त्यात बुडबुडे सुटले. बुडबुड्यांनी ते हलके होऊन आणखी वर आले. त्याच्या मागोमाग खालचे पाणी ओढले गेले. एकदा हे चक्र सुरू झाले की थांबत नाही. काही वेळातच तळे उसळले. उठलेल्या लाटेने काठावरचे गवत आणि झाडे २५ मीटर उंचीपर्यंत खरवडून काढली. लाखो टन वायू बाहेर पडला आणि तळ्याची पातळी मीटरभर खाली गेली. म्हणूनच त्या शेतकऱ्याला धबधबा कोरडा दिसला. आणि तळच्या पाण्यातले लोह वर येऊन हवा लागताच गंजले, म्हणून निळे तळे तांबडे झाले.

कंदील का विझतो?

पण कर्बाम्ल वायू तर आपण प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर टाकतो. तो विषारी कसा?

याचे उत्तर सांगलीजवळच्या हरिपूरच्या जुन्या माणसांना विचारावे. तिथे हळद साठवायला जमिनीत खोल पेवे खणीत. पेव उघडल्यावर कोणी तडक आत उतरत नसे. तोंड उघडे टाकून काही तास जाऊ द्यायचे, मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरायचा, विझला तर थांबायचे. ज्यांनी हा नियम मोडला ते आत उतरले आणि वर आले नाहीत. त्यांना काढायला उतरलेलेही गेले. जुन्या विहिरींतही हेच घडते आणि त्याच्या बातम्या आपण आजही वाचतो.

हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. तो वर उडून जात नाही. पाण्यासारखा उतार शोधत जातो आणि सखल जागी साचतो. साध्या हवेत तो दहा हजारांत चार भागच असतो. शंभरात दहा-पंधरा भाग झाला की माणसाची शुद्ध हरपते आणि मग श्वास थांबतो. न्योसच्या रात्री सुमारे पन्नास मीटर जाडीचा वायूचा लोंढा खोऱ्यांतून उतरत गेला. त्याला रंग नाही. दिसते ते त्याच्याबरोबर आलेले धुके. म्हणजे सगळे खोरेच एक पेव झाले होते, आणि माणसे त्यात झोपली होती.

वाचलेल्यांना दुसऱ्या दिवशी एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. घरोघरचे दिवे विझले होते, पण त्यांत तेल तसेच होते. हरिपूरच्या माणसाला तेवढ्यावरून सारे उमगले असते.

दुसरी काही कोडी सुटायला वेळ लागला. कित्येक जण सांगत, वास बंदुकीच्या दारूसारखा होता. कोणी म्हणे, कुजलेल्या अंड्यासारखा. अंगावर फोड आलेलेही बरेच होते. म्हणजे गंधकाचे वायू, म्हणजे ज्वालामुखीच, असे काही शास्त्रज्ञांनी ठरवले. ब्रिटिश डॉक्टर पीटर बॅक्स्टर, डॉक्टर मुकेश कपिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्यांची पाहणी केली तेव्हा निराळेच चित्र दिसले. डोळ्यांत आणि घशात जळजळणाऱ्या वायूच्या खुणा फारशा नव्हत्या. माणसे तासन्‌तास, काही तर दिवसभराहून अधिक, एकाच कुशीवर बेशुद्ध पडली होती. आजारी माणसाला अंथरुणात पडून जखमा होतात तसे ते फोड होते. आणि वासाचे म्हणाल तर कर्बाम्ल वायू फार झाला की माणसाला नसलेले वास येतात, हे वैद्यकाला आधीच ठाऊक होते.

जिवंत राहिलेल्यांचे हाल मृतांहून काही कमी नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर यावे, हातपाय उचलत नसावेत, आणि शेजारी पाहावे तो घरातले एकूण एक माणूस गार झालेले! मी का उरलो, याचे उत्तर कोणत्याच डॉक्टरपाशी नव्हते.

आजीबाईच्या गोष्टी

आता यातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट. शास्त्राच्या पुस्तकांत अशा तळ्याची नोंद नव्हती हे खरे; पण ग्रासफील्ड्समधल्या गोष्टींत ती होती.

युजेनिया शँकलिन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या डोंगरांतल्या लोकांच्या दंतकथा गोळा केल्या होत्या. न्योसनंतर त्या पुन्हा चाळताना त्यांच्या लक्षात आले की इथली तळी स्वस्थ बसत नाहीत. ती जागा बदलतात, वर चढतात, खाली बसतात, फुटतात आणि माणसे मारतात. कोम नावाच्या जमातीची मूळकथाच पाहा.

कोम लोक पूर्वी बामेसीच्या राजाच्या आश्रयाला होते. त्यांची संख्या वाढू लागली तशी बामेसीच्या राजाला धास्ती वाटली. तो कोमांच्या राजाला म्हणाला, ‘तुझ्या-माझ्या लोकांतले तरणे दांडगे फार झाले, उद्या आपल्यावरच उलटतील. दोघांनी एकेक घर बांधू, त्यांत त्यांना कोंडू आणि जाळू.’ कोमांच्या राजाने शब्द पाळला. बामेसीच्या राजाने मात्र आपल्या घराला मागून चोरदार ठेवले होते. त्याचे लोक निसटले, कोमांचे जळाले. कोमांच्या राजाने सूड घेतला तो असा : रानात जाऊन त्याने गळफास घेतला आणि प्रेताला कोणी हात लावू नये असे बजावून ठेवले. त्याच्या देहातून गळलेल्या पाण्याचे तळे झाले, किड्यांचे मासे झाले. मासे पाहून बामेसीचे लोक हरखले. ठरल्या दिवशी सारे गाव तळ्यात मासेमारीला उतरले, आणि तळे एकाएकी उलटून त्यांना गिळून बसले. मग उरलेले कोम एका अजगराच्या मागावरून चालत निघाले आणि माग जिथे संपला तिथे त्यांनी नवे गाव वसवले.

आपल्याला ही कथा ऐकताना नवल वाटायचे कारण नाही. आपल्याकडेही डोहात साती आसरा असतात, अमावास्येला तिकडे फिरकू नये असे आजी सांगते. या कथांत भुतेखेते असतील, सूड असेल, अतिशयोक्ती तर असेलच. पण तळे उलटते आणि अख्खे गाव गिळते ही कल्पना कोणाला उगाच का सुचावी? शँकलिनबाईंचे म्हणणे असे की अशा काही कथांच्या मुळाशी खरोखर घडलेली न्योससारखी एखादी रात्र असू शकेल. उंचवट्यावर घर बांधायची जुन्यांची चाल ध्यानात घेतली, की हे म्हणणे सहज झटकून टाकवत नाही.

म्हणजे पाहा, सांगणारे दोघे होते. एक डोंगरातली म्हातारी माणसे आणि दुसरे बाटल्यांत पाणी भरून आणणारे सिगुर्डसन. पहिल्यांचे बोलणे दंतकथा म्हणून राहिले, दुसऱ्याचे अविश्वसनीय म्हणून परत आले. दोघांचा मेळ घालणारे कोणी २१ ऑगस्टच्या आधी भेटले असते तर? पण या ‘तर’ला काही अर्थ नाही, हे न्योसच्या लोकांइतके कोणाला ठाऊक असणार?

तळ्याला नळी

मार्च १९८७ मध्ये कॅमेरूनची राजधानी याउंदे येथे जगभरच्या शास्त्रज्ञांची परिषद भरली. हारून ताझिएफ या फ्रान्सच्या प्रख्यात ज्वालामुखीतज्ज्ञाचा पक्ष ज्वालामुखीचा होता; अमेरिकेचे जॉर्ज क्लिंग आणि इतर अनेक जण तळ्याच्या पक्षाचे होते. वाद कडाक्याचा झाला. पण पुढच्या वर्षांत मोजमापे होत गेली तसे एक भयंकर सत्य पुढे आले : तळाशी वायू पुन्हा साठत होता. बाटली परत भरू लागली होती.

उपाय मात्र मोठा सोपा निघाला. तळ्याच्या तळापर्यंत एक उभी नळी सोडायची आणि पंपाने तळचे थोडे पाणी वर ओढायचे. वर येता येता पाण्यातला वायू सुटतो, पाणी हलके होते आणि आपल्याच जोराने वर उसळते. मग पंप बंद केला तरी चालतो. ज्या चक्राने १,७४६ माणसे मारली तेच चक्र नळीत कोंडून कामाला लावायचे, एवढीच यातली युक्ती.

फ्रान्सचे मिशेल हालबाक्स यांच्या तुकडीने आधी लहान नळ्यांवर प्रयोग केले आणि जानेवारी २००१ मध्ये न्योसवर कायमची नळी बसवली. पंप सुरू केल्यावर तळ्याच्या मधोमध सुमारे पन्नास मीटर उंच पांढरे कारंजे उडाले. मोनूनवर २००३ मध्ये नळी बसली. न्योसला २०११ मध्ये आणखी दोन नळ्यांची जोड मिळाली. पैसा आणि माणसे अमेरिका, फ्रान्स, जपान अशा कितीतरी देशांतून आली. २०१९ पर्यंत साठा इतका उतरला, की यापुढे एकच नळी बाहेरच्या विजेवाचून तळे सुरक्षित ठेवू शकेल, असे तज्ज्ञांनी ठरवले.

तेवढ्याने काळजी संपली नाही. तळ्याच्या उत्तरेची भिंत ज्वालामुखीच्या ठिसूळ दगडाची आहे. ती फुटली असती तर पाच कोटी घनमीटर पाणी सुटून शेजारच्या नायजेरियापर्यंत हाहाकार उडाला असता. पुढे त्या भिंतीलाही मजबुती देण्यात आली.

आणि आफ्रिकेत असे आणखी एक तळे आहे. रवांडा आणि काँगो यांच्या सीमेवरचे किवू. न्योसचा विस्तार दीड चौरस किलोमीटर, तर किवूचा अडीच हजारांवर. त्याच्या तळाशी कर्बाम्ल वायू आणि मिथेन यांचे न्योसच्या हजारपटींनी मोठे साठे आहेत, आणि काठावर वीस लाखांवर लोक राहतात. तिथे खळग्यांत साचणाऱ्या प्राणघातक हवेला लोक ‘माझुकू’ म्हणतात. किवू उसळल्याचे माणसाच्या आठवणीत नाही. रवांडाने त्यातला मिथेन बाहेर काढून वीज निर्माण करायला सुरुवात केली आहे. शेजारीच न्यिरागोंगोचा धगधगता ज्वालामुखी आहे, म्हणून तज्ज्ञ त्या तळ्यावर सतत नजर ठेवून असतात.

परतीची वाट

न्योसच्या आपत्तीत हजारो लोकांनी घरे सोडली. त्यांना दूरच्या सात वसाहतींत नेऊन ठेवले. ‘तात्पुरते’ म्हणून नेले होते. तिथे जन्मलेली मुले आता आईबाप झाली आहेत. नव्या जागी जमीन थोडी, शेजाऱ्यांशी हद्दीवरून कुरबुरी. मागे राहिलेल्या खोऱ्यात मात्र माती तशीच काळी आणि गवत पूर्वीहून उंच. वाडवडिलांची हाडे त्याच मातीत. काही कुटुंबे तर सरकारची परवानगी येण्याची वाट न पाहताच परतली. सामुदायिक खड्ड्यांच्या शेजारी त्यांनी पुन्हा मका लावला, गुरे चारली. कॅमेरूनच्या या इंग्रजी भाषिक भागात २०१७ पासून सशस्त्र संघर्ष पेटला आणि लोकांचे परतणे आणखी अवघड झाले. तळ्याने माणसांना जितके दिवस घरापासून दूर ठेवले नसते, तितके माणसांनी ठेवले आहे.

त्या तळ्यावरचे कारंजे २००१ मध्ये पन्नास मीटर उडत होते. ते वर्षावर्षाला बुटके होत गेले. परका पाहुणा ते पाहून हिरमुसेल. पण तिथल्या माणसाला त्याचा अर्थ नीट ठाऊक आहे : कारंजे जितके बुटके, तितकी बाटली रिकामी. हरिपूरचा माणूस पेवात सोडलेल्या कंदिलाकडे जसा टक लावून पाही, तसे त्या खोऱ्यात परतलेले लोक आता त्या कारंज्याकडे पाहत असतील, आणि संध्याकाळी पांढरे धुके दिसले तर अजूनही पोरांना घेऊन उंचवट्यावर जात असतील. जावेच. शास्त्रज्ञांची नळी आहे आणि आजीची गोष्टही आहे. यापुढे दोन्ही जपून ठेवलेली बरी.